शिंपी की शिपाई?

जुन्या इंग्रजी वळणदार हस्ताक्षरात ‘एस’ आणि ‘टी’ ही मोठी अक्षरे कधी कधी इतकी सारखी येतात, की घाईने लिहिलेल्या ओळीत ती वेगळी काढणे कठीण जाते. इंग्लंडच्या जुन्या जनगणनेत आपला खापरपणजोबा शोधणाऱ्यापुढे मग एक साधा पण अवघड प्रश्न उभा राहतो. समोरचा शब्द ‘टेलर’ आहे की ‘सेलर’? शिंपी की खलाशी? मोडी वाचणाऱ्यालाही असाच पेच पडतो. मोडीत ह्रस्व-दीर्घ पाळले जात नाही, अनुस्वार पुष्कळदा गाळला जातो, शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते. अनुस्वार गळालेला ‘शिंपी’ आणि काना धड न उमटलेला ‘शिपाई’ एकमेकांच्या फार जवळ येऊन बसतात. एकाच्या घरात सुई होती, दुसऱ्याच्या घरात तलवार. नातवंडांना सांगायची घराण्याची गोष्ट एका कान्यावर फिरते. माझे म्हणणे असे की, धंद्याच्या रकान्यातला शब्द म्हणजे एका ठरावीक दिवशी, सरकारने विचारलेल्या ठरावीक प्रश्नाला, एका लेखनिकाने लिहून घेतलेले उत्तर. तो वाचताना तीन कामे वेगवेगळी करावी लागतात. कागदावर काय दिसते ते तसेच उतरवणे हे पहिले, तो शब्द कोणता हे ठरवणे दुसरे, आणि त्या काळी त्या शब्दाचा अर्थ काय होता हे शोधणे तिसरे. ही तिन्ही कामे एका दमात उरकली की चूक कुठे झाली हे नंतर कुणालाच सापडत नाही. आज महाराष्ट्रात लाखो जुनी पाने वाचली जात असताना हा मुद्दा केवळ हौशी वंशावळकारांचा राहिलेला नाही.

इंग्लंडचे उदाहरण आधी घेतो, कारण तिथे या वह्या जपल्या गेल्या आणि त्यांच्या वाचनाचा अनुभवही मोठा आहे. तिथे १८०१ पासून, १९४१ चा अपवाद सोडता, दर दहा वर्षांनी गणना होत आली. सर्व रहिवाशांची नावे आणि धंदे नोंदवलेली कागदपत्रे देशभर सलग मिळतात ती १८४१ पासून. पद्धत अशी होती की प्रत्येक घरी एक तक्ता दिला जाई, कुटुंबप्रमुख तो भरी, आणि ज्याला लिहिता येत नसे त्याचा तक्ता गणक भरून देई. मग गणक ते सगळे तक्ते आपल्या वहीत उतरवून काढी. घरोघरचे मूळ तक्ते पुढे नष्ट झाले. १९०१ पर्यंतच्या गणनांचे आज जे पाहायला मिळते ती गणकाची वही. कुटुंबप्रमुखाच्या स्वतःच्या हातचा तक्ता जपला गेला तो १९११ पासून. म्हणजे १८५१ च्या पानावर ‘सुतार’ असे वाचले, तर ते त्या सुताराने लिहिलेले नसते. त्याने सांगितलेले किंवा लिहिलेले दुसऱ्याने नकललेले असते. त्यावर तिसरा हात फिरला तो लंडनच्या कार्यालयातल्या कारकुनांचा. कोष्टके बनवताना एकेक धंदा मोजून झाला, की ते त्यावर पेन्सिलीने खूण करत, रेघ मारत, कधी शब्दावरच आपला वर्गाचा शेरा लिहीत. ज्या रकान्यासाठी आज लोक ही वही उघडतात, नेमक्या त्याच रकान्यावर सर्वांत जास्त रेघोट्या आहेत, कारण मोजायचा होता तोच. १८४१ च्या बहुतेक वह्या तर मुळातच पेन्सिलीने लिहिलेल्या. त्या फिकट झाल्या आहेत.

आता प्रश्न काय विचारला होता तो पाहू. १८४१ च्या गणकांना छापील सूचना होत्या आणि वेळ वाचवण्यासाठी काही संक्षेप मंजूर केलेले होते. ‘एम. एस.’ म्हणजे पुरुष नोकर, ‘एफ. एस.’ म्हणजे स्त्री नोकर, ‘ॲग. लॅब.’ म्हणजे शेतमजूर, ‘इंड.’ म्हणजे स्वतःच्या उत्पन्नावर जगणारी व्यक्ती. हे ठाऊक नसलेला माणूस ‘इंड.’ पाहून उद्योगधंद्याचा विचार करू लागतो. पण संक्षेपांपेक्षाही महत्त्वाची सूचना वेगळीच होती. पत्नीचा, तसेच आईवडिलांजवळ राहून त्यांच्या कामात हात देणाऱ्या मुलामुलींचा धंदा, त्यांना मजुरी मिळत नसेल किंवा ती रीतसर उमेदवारी करत नसतील, तर लिहायची गरज नाही, असे त्या सूचनेत स्पष्ट म्हटले होते. चांभाराच्या घरात बायको वरचे कातडे शिवत असेल, शेतकऱ्याच्या घरात मुलगी पहाटेपासून गाई पिळत असेल, तरी त्यांच्या नावापुढे जागा कोरी. ती कोरी जागा ‘काम करत नव्हती’ असे सांगत नाही; ‘विचारले नाही’ एवढेच सांगते. ब्रिटिश इतिहासकार एडवर्ड हिग्ज यांनी १९८० च्या दशकात हाच मुद्दा नेटाने मांडला: गणनेतल्या स्त्रियांच्या धंद्यांवरून त्या काळच्या स्त्रियांच्या श्रमाचा थेट अंदाज बांधता येत नाही, कारण नोंदीचे नियमच दर गणनेला बदलत गेले. पूर्वी कोष्टकांत गृहिणींना कामाच्या वर्गात जागा होती. १८८१ मध्ये त्यांना ‘बिनधंद्याच्या’ वर्गात ढकलले गेले. त्याआधीच्या दहा वर्षांत इंग्लंडच्या बायकांनी काम सोडले नव्हते, कोष्टकाने त्यांची जागा बदलली होती.

अमेरिकेची १८७० ची सूचना तर आपण मुद्दाम वाचावी अशी आहे. ‘हाउसकीपर’ हा शब्द पगार घेऊन दुसऱ्याचे घर सांभाळणारीसाठी राखून ठेवा, आणि स्वतःच्या कुटुंबाचे घर चालवणारीपुढे ‘कीपिंग हाउस’ असे लिहा, असे गणकांना बजावले होते. दोन शब्दांत दिसायला थोडा फरक, आयुष्यात जमीनअस्मानाचा. उतारा करणाऱ्याने ‘दोन्हींचा अर्थ एकच’ समजून सगळीकडे एकच शब्द टाकला, तर मोलकरीण आणि मालकीण एका ओळीत येतात. मराठीत हा पेच आणखी गडद आहे, कारण आपल्याकडे ‘घरकाम’ हा एकच शब्द दोन्हींसाठी वापरला जातो. एखाद्या जुन्या नोंदवहीत बाईच्या नावापुढे ‘घरकाम’ असेल, तर ती चार घरची धुणीभांडी करत होती की आपल्याच घरचा गाडा ओढत होती, हे त्या एका शब्दावरून सांगता येत नाही. त्यासाठी त्या पानावर इतर बायकांपुढे काय लिहिले आहे ते पाहावे लागते. सगळ्यांपुढे ‘घरकाम’ असेल तर तो लेखनिकाचा सरसकट शब्द; तिच्या एकटीच्याच नावापुढे असेल, तर विचार करायला जागा आहे.

शब्द ओळखण्याची खरी कसोटीही अशीच पानात दडलेली असते. अडलेले अक्षर त्याच लेखनिकाने निर्विवाद शब्दात कसे काढले आहे ते पाहायचे. ‘टेलर’ की ‘सेलर’ असा प्रश्न असेल, तर त्याच पानावर ‘टॉमस’चा टी आणि ‘सूझन’चा एस शोधायचा, नावे बहुधा शंकेपलीकडची असतात. एकोणिसाव्या शतकात इंग्रजीत जोड-एस लिहिताना पहिला एस लांब काढत, तो आज एफसारखा दिसतो. त्यामुळे ‘ड्रेसमेकर’ म्हणजे कपडे शिवणारी बाई नवशिक्याला वाचताच येत नाही. एकदा लेखनिकाचे वळण हाती आले की मग गावाकडे वळायचे. लेस्टर, नॉटिंगहॅम, डर्बी या भागात ‘एफ. डब्ल्यू. के.’ ही तीन अक्षरे घरोघर भेटतात. ती चौकटीच्या यंत्रावर मोजे विणणाऱ्यांची. बेडफर्डशरमध्ये सात-आठ वर्षांच्या मुलीपुढे ‘पी-एल’ने सुरू होणारा पुसट शब्द असेल, तर गिलावा करणारा ‘प्लास्टरर’ वाचण्याआधी आठवावे, की त्या भागात टोप्यांसाठी गव्हाच्या काडाच्या वेण्या विणण्याचा उद्योग होता आणि त्यात लहान मुलेही गुंतलेली असत. मग तोच माणूस दहा वर्षांनंतरच्या गणनेत कुठे आहे ते पाहायचे. एवढे करूनही शब्द लागला नाही, तर ‘लागला नाही’ असे लिहायचे. या शेवटच्या पायरीवर बहुतेकांचा धीर सुटतो.

शब्द लागला म्हणजे अर्थ लागला असेही नाही. इंग्लंडच्या वहीत ‘स्कॉलर’ म्हणजे विद्वान नव्हे, शाळेत जाणारे मूल. ‘नर्स’ म्हणून नोंदलेली अकरा वर्षांची मुलगी रुग्णालयात नसते, ती कुणाच्या तरी घरी तान्हे बाळ सांभाळत असते. ‘क्लर्क’पुढे आणखी दोन शब्द असतील तर तो चर्चचा धर्मोपदेशक असू शकतो. ‘इंजिन ड्रायव्हर’ आगगाडीवर असेल किंवा खाणीतल्या एका जागी ठेवलेल्या वाफेच्या यंत्रावर. मराठी वाचकाला यात नवल वाटायला नको, कारण आपल्या भाषेत याहून मोठी उलथापालथ झालेली आहे. ‘शिपाई’ हा शब्द अठराव्या शतकाच्या कागदात लढणाऱ्या माणसासाठी आहे. आज तो कचेरीत फायली नेणाऱ्यासाठी. पेशवाईतल्या पुण्याचा ‘कोतवाल’ शहराच्या बंदोबस्ताचा मोठा अधिकारी होता. खेड्यातला ‘कोतवाल’ गावकामगारांतला सर्वांत खालचा. ‘जमादार’ ब्रिटिश हिंदी फौजेत अधिकारी होता. ‘हमाल’ म्हणजे आज ओझी वाहणारा, पण जुन्या मुंबईत पालखी वाहणाऱ्यालाही हमाल म्हणत आणि साहेबाच्या घरातल्या नोकरालाही. मुंबईच्या गिरण्यांच्या कागदांत ‘बदली’ हा शब्द आला, तर तो माणूस दुसऱ्या गावी पाठवला गेला असा अर्थ लावणारा चुकेल. कायम कामगार गैरहजर असेल त्या दिवशी त्याच्या जागी उभा राहणारा तो बदली कामगार. आणि सहा वर्षांच्या मुलापुढे ‘बिगारी’ असे वाचले, तर त्याला वेठीला धरले होते असे समजून हळहळण्याआधी आठवावे, की मराठी शाळेतल्या अगदी पहिल्या वर्गालाही हेच नाव होते. आजचा अर्थ कालच्या कागदावर लादणे ही वंशावळ शोधणाऱ्याची सर्वांत सोपी चूक आहे, आणि ती प्रामाणिक माणसाकडूनही होते. ‘ध’चा ‘मा’ कुणी हेतुपुरस्सर केला अशी कथा आपण पिढ्यानपिढ्या सांगत आलो. जुन्या नोंदींत बहुतेक ‘ध’चे ‘मा’ निर्हेतुक असतात, म्हणूनच ते पकडायला अवघड.

भारतात या सगळ्याला एक वेगळी अडचण आहे. आपल्याकडेही खानेसुमारी जुनी. मुंबई इलाख्यात ती १८७२ मध्ये झाली, आणि १७ फेब्रुवारी १८८१ रोजी देशभर एकाच वेळी शिरगणती झाली. पण इथे घरोघरचे तक्ते जपायचे धोरणच नव्हते. १९०१ पासून प्रत्येक माणसाची माहिती तक्त्यावरून वेगळ्या चिठ्ठीवर उतरवायची, चिठ्ठ्यांचे गठ्ठे लावून मोजायचे, कोष्टके छापायची, अशी रीत पडली. आकडे हाती आले की कागदाचे काम संपले. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या जनगणना कायद्याने व्यक्तिगत नोंदी पाहण्यास बंदी घातली. ब्रिटनमध्ये शंभर वर्षांनी वही उघडते, म्हणून १९२१ ची गणना २०२२ मध्ये लोकांपुढे आली. आपल्याकडे उघडण्यासारखी वहीच नाही. याला एक मोठा अपवाद आहे. १९५१ च्या गणनेबरोबर ‘नागरिकांचे राष्ट्रीय रजिस्टर’ तयार करण्यात आले. गणनेच्या चिठ्ठ्यांवरून माणसामाणसाची माहिती गावोगाव हाताने वहीत उतरवण्यात आली, आणि महाराष्ट्रात कित्येक ठिकाणी ही रजिस्टरे टिकून आहेत. त्या गणनेत माणसांची विभागणी स्वावलंबी, मिळवता परावलंबी आणि न मिळवता परावलंबी अशी होती, आणि उपजीविकेचे आठ वर्ग होते, चार शेतीचे नि चार बिगरशेतीचे. त्या रजिस्टरातला धंदा वाचायचा तर आधी ही विभागणी आणि हे आठ वर्ग माहीत हवेत. नाही तर घरच्या शेतात राबणाऱ्या बाईला ‘परावलंबी’ म्हणणारा कागद आपण खराच मानून बसू. याखेरीज आपले सगळे शोध जनगणनेबाहेरच्या कागदांवर चालतात: गाव नमुना १४ मधल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी, शाळांची प्रवेश-निर्गम पुस्तके, खासरापत्रक, पाहणीपत्रक, कुळ नोंदवही, शेतवारपत्रक. मॉरिशसमध्ये कोकणातून गेलेल्यांच्या वंशजांना मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये आपल्या पूर्वजांच्या आगमनाच्या नोंदी मिळतात; तिथे मराठी गावांची आणि जातींची नावे परक्या कानांनी ऐकून रोमन लिपीत उतरवलेली आहेत, आणि मूळ गाव ओळखायचे तर तो शब्द मोठ्याने उच्चारून पाहावा लागतो.

या कागदांना महाराष्ट्रात अलीकडे जे महत्त्व आले, ते कुणबी नोंदींमुळे. सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेल्यावर गावोगावची दप्तरे उघडली, मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांचा शोध सुरू झाला. आरक्षणाचा प्रश्न या लेखाचा विषय नाही. तो न्यायालये आणि विधिमंडळ ठरवतील. पण वाचनाच्या दृष्टीने हा शब्दच विलक्षण आहे. ‘कुणबी’चे मूळ संस्कृत ‘कुटुंबिन्’मध्ये सांगितले जाते. जमीन कसणारा गृहस्थ हा त्याचा एक अर्थ आणि एका समाजाचे नाव हा दुसरा. कोणत्या कागदात कोणता अर्थ आहे हे शब्दाच्या पोटात लिहिलेले नसते. ते रकान्याच्या डोक्यावर लिहिलेले असते. ‘जात’ या मथळ्याखाली आलेला ‘कुणबी’ आणि ‘धंदा’ या मथळ्याखाली आलेला ‘कुणबी’ ही दोन वेगळी विधाने आहेत, आणि मथळाच नसलेल्या यादीतला ‘कुणबी’ हे तिसरे. लेखनिकाने पूर्ण शब्द न लिहिता एखादे अक्षर आणि टिंब दिले असेल, तर प्रश्न आणखी वाढतो: ‘कु.’ कुणबीचा, कुंभाराचा की कुमारीचा? तरीही लोकांच्या हाती फिरणारी नोंद बहुधा एका ओळीचे छायाचित्र असते, आजूबाजूचे पान कापलेले, मथळा कापलेला, वरची-खालची नावे कापलेली. ज्या गोष्टींनी शब्दाचा अर्थ ठरतो त्या सगळ्या त्या कात्रणाबाहेर राहतात. हाच घोळ लोहार, सुतार, तेली, साळी, कोष्टी या सगळ्या नावांबाबत होऊ शकतो, कारण आपल्याकडे धंदा, जात आणि आडनाव या तिन्हींसाठी एकच शब्द चालत आला. गिरणीत साचे चालवणाऱ्या ‘शिंप्या’ने आयुष्यात सुई धरली नसेलही.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा, की हे सगळे विद्वानांचे चोचले आहेत. सामान्य माणसाला आजोबा काय करत होते एवढेच जाणून घ्यायचे असते, त्याला पाठभेद नकोत. या आक्षेपामागची भावना खरी आहे. पण चुकीच्या उत्तराचा सर्वांत मोठा फटका याच सामान्य माणसाला बसतो. संशोधकाकडे पडताळायला दुसरी दहा साधने असतात. कुटुंबाकडे एकच पान असते आणि त्यावर घराण्याची सगळी कहाणी उभी राहते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. शोध घ्यायचा तर शब्द एकसारखे करावे लागतात. एकाने ‘सुतार’, दुसऱ्याने ‘सुतारकाम’, तिसऱ्याने ‘सुता.’ असे लिहिले तर संगणकाला ते तीन वेगळे धंदे वाटतील. हे मान्यच केले पाहिजे. मात्र एकसारखे करणे म्हणजे मूळ पुसणे नव्हे. ऐतिहासिक धंद्यांच्या वर्गीकरणाची जी आंतरराष्ट्रीय पद्धत २००२ मध्ये पुस्तकरूपाने आली, तिच्यात अनेक देशांतल्या आणि भाषांतल्या धंद्यांना एका समान क्रमांकाखाली आणण्याची सोय आहे; पण तो क्रमांक मूळ शब्दाच्या शेजारी बसतो, त्याच्या जागी नाही. उद्या क्रमांक चुकीचा ठरला तर बदलता येतो. मूळ शब्दच गेला तर बदलायला काही उरत नाही.

तिसरा आक्षेप यंत्राच्या बाजूने येतो. हस्ताक्षर वाचणारी संगणक-प्रणाली आता पाने झरझर वाचते, मोडीसाठीही प्रयत्न चालू आहेत, मग माणसाने कशाला डोळे फोडायचे? यंत्राची मदत घ्यावी, जरूर घ्यावी. लाखो पानांपुढे दुसरा इलाज नाही. पण अशी यंत्रे ज्या शब्दांवर शिकतात त्यांतला अधिक संभाव्य शब्द निवडण्याकडे त्यांचा कल असतो. हजार पानांत ‘शेती’ नऊशे वेळा आली असेल, तर पुसट शब्द ‘शेती’ वाचला जाण्याची शक्यता वाढते. नेहमीचे धंदे यंत्र चांगले वाचील. मरणपंथाला लागलेले, एखाद्याच गावात असलेले, एकट्यादुकट्याचे धंदे ते नेहमीच्या धंद्यांत मिसळून टाकील. कुटुंबाच्या इतिहासात मोल असते ते नेमक्या याच वेगळ्या शब्दांना. म्हणून यंत्राने वाचलेल्या प्रत्येक शब्दाबरोबर त्या पानाचे पूर्ण छायाचित्र दिसले पाहिजे, आणि शंका असेल तिथे माणसाला ती नोंदवता आली पाहिजे.

राहिला कायद्याचा आक्षेप. प्रमाणपत्र देणाऱ्या अधिकाऱ्याला हो की नाही एवढेच सांगावे लागते; ‘बहुधा’ लिहून त्याचे काम भागत नाही. खरे आहे. पण निर्णय घेणारा आणि वाचणारा या दोन वेगळ्या व्यक्ती आहेत. मोडी वाचकाने निर्णयाचे ओझे आपल्या डोळ्यांवर घेऊ नये. त्याने जे दिसते ते सांगावे, जिथे शंका आहे तिथे शंका सांगावी. त्या शंकेचे काय करायचे ते कायद्याने ठरवावे. संशय लपवून दिलेले ठाम वाचन पुढे पडताळणीत कोसळले, तर त्याची किंमत अर्जदाराला मोजावी लागते, वाचकाला नाही. मूळ शंका नोंदलेली असेल, तर निदान दुसऱ्या कागदाने ती दूर करायची संधी त्याला वेळेवर मिळते.

ही शिस्त आपल्याला परक्यांकडून शिकायची नाही. इतिहाससंशोधक राजवाड्यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे खंड छापले ते मूळ कागद लोकांपुढे यावा म्हणून; त्यावरचे विवेचन प्रस्तावनेत, कागद खंडात. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले आणि १९६६ मध्ये पुरे केले. त्या आवृत्तीत एक साधी सोय आहे: जो शब्द संपादकांना पुरता खात्रीचा वाटला नाही, त्याच्या खाली नागमोडी रेघ मारलेली आहे, आणि इतर हस्तलिखितांतले पाठ पानाच्या तळाशी दिलेले आहेत. महाभारताचे संपादक आपली अनिश्चितता पानावर उघड मांडू शकले आणि त्याने त्या आवृत्तीचे वजन वाढले. गाव नमुना १४ च्या वाचकाने तसे करायला संकोचायचे कारण नाही. तीच नागमोडी रेघ आपण गावच्या दप्तरात आणावी. सरकारने आजवर वाचून घेतलेल्या नोंदींची नुसती यादी न देता, प्रत्येक नोंदीसोबत पूर्ण पानाचे छायाचित्र, रकान्याच्या मथळ्यासह अक्षरशः उतारा, मग वाचन, मग अर्थ, असे चार भाग वेगळे द्यावेत. राज्याचे पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग चालवते. त्या वर्गांत लिपीइतकाच वेळ संक्षेपांना द्यावा. ‘मौ॥’ म्हणजे मौजे हे लवकर कळते. पण ‘किता’ म्हणजे ‘वरीलप्रमाणेच’ हे न कळलेला वाचक एका कुटुंबाचा धंदा दुसऱ्याच्या माथी मारू शकतो, आणि ‘कोम’ म्हणजे अमक्याची बायको हे न कळलेला एका स्त्रीला तिच्या घरातून बाहेर काढतो. गावातल्या जुन्या माणसांना कित्येक नाहीसे झालेले धंदे अजून नावानिशी आठवतात. गावचे रजिस्टर वाचताना त्यांना शेजारी बसवणे हे कुठल्याही शब्दकोशापेक्षा उपयोगी पडेल, आणि ते काम पुढच्या दहा वर्षांत झाले नाही तर होणारच नाही.

अशा रीतीने वाचलेले १९५१ च्या रजिस्टराचे एक पान कसे दिसावे? डावीकडे पानाचे छायाचित्र, उजवीकडे उतारा. एका बाईच्या ओळीत, उपजीविकेच्या रकान्यात, ‘घरकाम’. शब्दाखाली नागमोडी रेघ, आणि समासात बारीक अक्षरांत: अक्षरे स्पष्ट, मोलाचे की घरचे ते या पानावरून ठरत नाही, वरच्या तीन बायकांपुढे जागा कोरी.